रूटचा फंडा आणि दहावीची भूमिती

पुण्यातला अप्पा बळवंत चौक असो, नाहीतर मुंबईत फोर्टातला फूटपाथ, एक पुस्तक तिथे हमखास दिसतं. नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे स्पर्धा परीक्षावाला घेतो, बँकवाला घेतो, एमबीएवाला घेतो आणि पहिली नोकरी लागल्यावर मीटिंगमध्ये गप्प बसायची वेळ आली की सॉफ्टवेअरवालाही घेतो. पुढे काय होतं तेही ठरलेलं. सुरुवातीच्याच धड्यात ईगोइस्ट, ईगोटिस्ट आणि ऑल्ट्रूइस्ट हे तीन शब्द येतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कुठल्याही होस्टेलवर जा, या तिघांतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगणारी मंडळी भेटतील. त्यापुढचा शब्द मात्र विचारू नका. तिथे बुकमार्क आहे.

गंमत सोडा, पण त्या पुस्तकाचा मूळ फंडा सॉलिड आहे. शब्द पाठ करू नका, शब्दाचं मूळ पकडा. 'ईगो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी'. 'ऑल्टर' म्हणजे 'दुसरा'. हे 'ऑल्टर' एकदा कळलं की एक सोडून दुसरा तो ऑल्टरनेट, दुसरा पर्याय तो ऑल्टरनेटिव्ह, आपलंच दुसरं रूप म्हणजे ऑल्टर ईगो आणि दुसऱ्याशी जुंपली की ऑल्टरकेशन. चार शब्द, एक खुंटी.

हा फंडा चालतो, कारण इंग्रजी ही भाषा मुळात उधारीवर पोसलेली आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि पुढची काही शतकं दरबार, कोर्टकचेरी, जेवणाचं टेबल इथे फ्रेंचचं राज्य आलं. फ्रेंच म्हणजे लॅटिनची लेक. त्यानंतर विद्वानांनी थेट लॅटिन आणि ग्रीक पुस्तकं उघडून शब्द उचलले आणि शास्त्रज्ञांनी तर दुकानच लुटलं. परिणाम असा, की आज इंग्रजी डिक्शनरीतले निम्म्याहून जास्त शब्द लॅटिन घराण्यातले आहेत, कुणी थेट आलेले, कुणी फ्रेंच मार्गे. त्यात सायन्स आणि मेडिसिनमधलं ग्रीक वेगळंच.

आता क्लासवाले यावरून जाहिरात करतात, 'शंभर रूट्स शिका, हजारो शब्द खिशात!' हे कितपत खरं? बरंचसं खरं. पण जाहिरातीत दोन गोष्टी सांगत नाहीत. एक म्हणजे त्यातले बरेच रूट्स मराठी मीडियमच्या पोराला आधीच येतात. आणि दुसरी, जिथे त्याला खरी भीती वाटते, तिथे हे रूट्स फारसे उपयोगाचे नाहीत. दोन्हींबद्दल बोलू.

माझा एक मित्र आहे. उदगीरचा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंजिनिअरिंग पुण्यात, नोकरी हिंजवडीत. कोड असा लिहितो की टीम लीडही त्याच्याकडे शंका घेऊन येतो. पण क्लायंट कॉल सुरू झाला की हा म्यूटवर. 'मिटिगेट', 'रिडंडंट', 'कंटिंजन्सी' असले शब्द समोरून आले की हा डायरीच्या मागच्या पानावर टिपून ठेवणार, रात्री रूमवर अर्थ बघणार, आणि तोवर डिसिजन झालेलं असणार. त्याला वाटतं, आपल्याला अक्कल कमी आहे. शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मुलीला हे शब्द जन्मतः येत असणार.

त्याने काय करावं? जीआरईची ३५०० शब्दांची यादी आणली. ए टू झेड. अबेस, अबॅश, अबेट, अशी सुरुवात. 'बी' यायच्या आत गडी गार.

अशा याद्यांचा प्रॉब्लेम हाच आहे. एबीसीडी हा पोस्टमनच्या सोयीचा क्रम आहे, मेंदूच्या सोयीचा नाही. तुम्ही नात्यातल्या माणसांची नावं अशी पाठ करता का? अजय, अनिता, अपर्णा? आपण म्हणतो, नागपूरची मावशी, तिचा थोरला, त्याची बायको. शब्दांचंही तसंच करायचं. आणि इथे आपल्या उदगीरकराला एक जबरदस्त ॲडव्हान्टेज आहे, ज्याचा त्याला पत्ताच नाही.

आठवी-नववीतलं गणिताचं पुस्तक आठवा. आयताची परिमिती. इंग्रजीत पेरिमीटर. आता दोन्ही शब्द तोडून शेजारी ठेवा. 'पेरी' म्हणजे भोवती, 'मीटर' म्हणजे मोजमाप. 'परि' म्हणजे भोवती, 'मिती' म्हणजे मोजमाप. अर्थ एक, हे झालंच. पण आवाजही एकच आहे! ग्रीक 'पेरी' आणि संस्कृत 'परि' ही सख्खी भावंडं आहेत. 'मेट्रॉन' आणि 'मिती'चंही तेच नातं. मग पेरिस्कोप म्हणजे भोवताली बघायचं यंत्र, आणि पेरिफेरी म्हणजे परीघ, हे पाठ करावं लागतं का? परिक्रमा, परिसर, परिघ हे शब्द ज्याला येतात त्याने 'पेरी' शिकायला क्लासला पैसे का द्यावेत?

भूमितीचं घ्या. 'जिओ' म्हणजे पृथ्वी, 'मेट्री' म्हणजे मोजणं. भू आणि मिती. ट्रिगोनोमेट्री? 'ट्राय' त्रि, 'गोनो' कोण, 'मेट्री' मिती. त्रिकोणमिती. अक्षरशः डब्याला डबा जोडलेली आगगाडी. सायन्सच्या पुस्तकात आणखी मजा आहे. झुरळ आणि खेकडे ज्या संघात येतात तो आर्थ्रोपोडा. मराठी मीडियमला संधिपाद. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, 'पॉड' म्हणजे पाय. ज्याने सातत्याने 'संधिपाद' घोकलं त्याला आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचं दुखणं हे ओळखता यायला हवं, आणि पोडियम म्हणजे पाय रोवून उभं राहायची जागा हेही. तारामासा ज्यात येतो तो एकायनोडर्माटा. आपल्याकडे कंटकचर्मी. 'डर्मा' म्हणजे चर्म, म्हणून डर्मेटॉलॉजिस्ट. अँफिबियन म्हणजे उभयचर. 'अँफी' म्हणजे उभय, दोन्हीकडे. म्हणून अँफिथिएटरमध्ये लोक सगळ्या बाजूंनी बसतात. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, 'फोटो' प्रकाश आणि 'सिन' म्हणजे 'सं', एकत्र. मग सिनर्जी म्हणजे काय, ज्या शब्दाने कॉर्पोरेट प्रेझेंटेशनची प्रत्येक तिसरी स्लाइड सजलेली असते? एकत्र लावलेलं बळ. संपलं.

आमच्या वर्गात हे बोजड मराठी शब्द म्हणजे चेष्टेचा विषय होता. अकरावीत सायन्स घेतलं की पहिले सहा महिने पोरं मराठीतून इंग्रजीत उड्या मारण्यात घालवतात आणि जुने शब्द माळ्यावर टाकून देतात. त्या वेळी एकाही सरांनी सांगितलं नाही की बाळांनो, हे दोन वेगळे शब्द नाहीत, एकाच शब्दाचे दोन कपडे आहेत. ज्यांनी हे पाठ्यपुस्तकी शब्द घडवले, त्यांनी ग्रीक शब्दाचे सांधे उकलून प्रत्येक तुकड्याला मराठी कपडा शिवला होता. म्हणजे रूटचा क्लास आपण फुकटात केला होता, फक्त सर्टिफिकेट कुणी दिलं नाही.

आणि हे निव्वळ भाषांतर नाही, खरंखुरं नातं आहे. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात सर विल्यम जोन्स नावाचे न्यायाधीश होते. संस्कृत शिकत होते. १७८६ साली एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात त्यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, तिन्ही एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नसावी. पुढे या घराण्याला इंडो-युरोपियन हे नाव पडलं. इथे एक ब्रेक लावतो. याचा अर्थ 'सगळी इंग्रजी संस्कृतातून आली' असा नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा तो 'जिऑमेट्री हा शब्द ज्यामितीवरून चोरला' वाला मेसेज कृपया मला पाठवू नका. 'जिओ' ग्रीकच आहे. आपण त्यांचे आजोबा नाही, चुलत भावंडं आहोत. चुलत भावंडांची नाकं सारखी असतात, एवढंच.

ती नाकं बघायला मात्र जाम मजा येते. 'डेंटल'मध्ये दंत. 'नॉमिनल'मध्ये नाम. 'इग्नोरन्स'मधला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञा', मागे नकार लावला की अज्ञान. 'डायग्नोसिस'मध्येही तोच 'ग्नो' बसलाय. 'इंटर' म्हणजे 'अंतर्', त्यामुळे इंटरनॅशनलला आंतरराष्ट्रीय हे भाषांतर इतकं चपखल बसतं. 'अब' म्हणजे 'अप', दूर. ॲबडक्शन आणि अपहरण. नाइट शिफ्ट करणाऱ्यांसाठी खास, 'इन्सॉम्निया'तलं 'सॉम्नस' म्हणजे लॅटिन झोप, 'हिप्नॉटिझम'मधलं 'हिप्नॉस' म्हणजे ग्रीक झोप, आणि हे दोघंही कुणाचे चुलत भाऊ? आपल्या 'स्वप्न'चे.

२०२० मध्ये घरात कोंडून बसलो होतो तेव्हा जगभर एकच शब्द होता, व्हायरस. लॅटिनमध्ये अर्थ विष. आणि 'विष' हा त्याचा नुसता अर्थ नाही, त्याचा सख्खा नातेवाईक आहे. मराठीत आपण त्याला म्हणतो विषाणू. म्हणजे तोच शब्द, अडीच हजार वर्षांनी, मागच्या दाराने परत घरात. त्याच सुमाराला आपण 'पँडेमिक' आणि 'एपिडेमिक'मधला फरकही शिकलो. 'डेमॉस' म्हणजे लोक, 'पॅन' म्हणजे सगळे. सगळ्या लोकांत पसरला तो पँडेमिक. लोकांचं राज्य ती डेमोक्रसी. क्वारंटीन इटालियन, चाळीस दिवस, व्हेनिसमध्ये जहाजं बंदराबाहेर तेवढे दिवस थांबवायचे. आणि व्हॅक्सिन चक्क 'व्हाका'वरून, म्हणजे गाय! एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईंना होणाऱ्या देवीचा द्रव वापरून पहिली लस टोचली, तिथून.

नुसते तुकडेच नाहीत, नियमही सारखे आहेत. शाळेत नकारार्थी 'अ' शिकलो होतो ना? पुढे व्यंजन असलं की 'अ', अशक्य, असत्य. पुढे स्वर आला की 'अन्', अनादर, अनिच्छा, अनावश्यक. ग्रीकमध्ये हाच नियम, जसाच्या तसा. व्यंजनापुढे 'अ', म्हणून एथिइस्ट, ॲपथी. स्वरापुढे 'अन', म्हणून ॲनार्की, ॲनोनिमस, ॲनस्थेशिया. लॅटिनवाले 'इन' लावतात, पण पुढच्या अक्षराला बघून त्याचा रंग बदलतो. इन अधिक लीगल, इल्लीगल. इन अधिक रेग्युलर, इर्रेग्युलर. इन अधिक पॉसिबल, इम्पॉसिबल. दोन एल का, दोन आर का, हे स्पेलिंग पाठ करून करून किती जण वैतागले असतील! आता व्याकरणाच्या तासाला जा. तत् अधिक लीन? तल्लीन. ही व्यंजनसंधी आहे, बॉस. दोन 'ल' जिथून आले तिथूनच दोन एल आले.

स्पेलिंगवरून आठवलं. अमेरिकेतल्या नॅशनल स्पेलिंग बीमध्ये १९९९ पासून भारतीय वंशाच्या मुलांनी धुमाकूळ घातलाय. २०१९ साली तर आठ जण संयुक्त विजेते ठरले आणि त्यातले सात भारतीय वंशाचे. ती चिमुरडी शब्द ऐकल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात, 'लँग्वेज ऑफ ओरिजिन?' त्यांना माहीत असतं, ग्रीक असेल तर 'फ'साठी पीएच, 'क'साठी सीएच, सुरुवातीला मुका 'पी' असू शकतो. केऑस, कॅरेक्टर, कोरस, सायकॉलॉजी. तुम्ही-आम्ही याचा उलटा उपयोग करायचा. सीएच बघून 'च' की 'क' असा पेच पडला आणि शब्द शास्त्रीय, जड वाटला, तर बहुतेक वेळा 'क'. कॅझम, आर्काइव्ह, हायरार्की.

ऑफिसात तर रूट्सचा खजिनाच सांडलेला आहे. तुम्ही ज्या कंपनीत काम करता तिच्यात 'पानिस' म्हणजे पाव आहे. एकत्र पाव मोडून खाणारे ते कंपॅनियन, त्यांची ती कंपनी. कँटीनमधली मिसळ-पावाची गँग ही खरी कंपनी, व्युत्पत्तीच्या हिशेबाने. मॅनेजरमध्ये 'मानुस' आहे, मराठी माणूस नव्हे, लॅटिन हात. इटालियनमधून येताना त्या शब्दाचा अर्थ होता घोडे हाताळणं, त्यांना वठणीवर आणणं. एप्रिल महिन्यात हे आठवून बघा. त्याच महिन्यातला दुसरा शब्द अप्रेझल, त्यात 'प्रेशियम' म्हणजे किंमत आहे. तुमची किंमत ठरवणं, कसलीही साखर न लावता. इन्सेंटिव्हमध्ये गाणं आहे. मूळ अर्थ सूर लावून देणं, जेणेकरून बाकीचे पुढे गातील. ॲट्रिशन हा एचआरचा लाडका शब्द. 'टेरेरे' म्हणजे घासणं. माणसं नोकरी सोडून जातात त्याला लॅटिन घासणं, झिजणं का म्हणावं? दगडावर दगड घासला की कण कण गळत जातात तसं. तेच 'घासणं' ट्राइट या शब्दात आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आपल्याकडे चंदन झिजतं, त्याला निदान वास तरी येतो. आणि होम लोनवाल्यांनो, मॉर्गेजमधला 'मॉर्ट' मृतच्याच घराण्यातला. जुन्या फ्रेंचमध्ये मॉर्गेज म्हणजे मेलेलं तारण. वीस वर्षांचा ईएमआय भरणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

कँडिडेट माझा फेव्हरिट. 'कँडिडस' म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पुढारी झगा खडूने पांढराधोप करून मतं मागत फिरायचे. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा हा आपल्याकडचाच शोध आहे असं कुणाला वाटत असेल तर सॉरी.

एवढं वाचून कुणी लगेच रूट्सची यादी प्रिंट काढायला निघालं असेल तर थांबा. आता ब्रेकचा भाग.

मघाच्या अबेस, अबॅश, अबेट या तिघांकडे परत बघा. 'अब म्हणजे दूर' हा नियम आत्ताच शिकलो ना? या तिघांपैकी एकालाही तो लागू नाही! तिन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेत आणि त्यांचा 'अ' वेगळाच आहे. यादीच्या पहिल्या तीन ओळींतच नियमाचा बोऱ्या.

'पेड' बघा. लॅटिनमध्ये 'पेड' म्हणजे पाय. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर. मग पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर? नाही, ते ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल. पायाचा डॉक्टर पोडियाट्रिस्ट. आणि हाडांचे डॉक्टर ऑर्थोपेडिक, त्यातही पाय नाही, मूलच आहे. १७४१ साली एका फ्रेंच डॉक्टरने मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. 'होमो' ग्रीकमध्ये समान, लॅटिनमध्ये माणूस. होमोजिनियस आणि होमो सेपियन्स यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सराउंडमध्ये तर राउंड नाहीच! तिथे 'उंडा' म्हणजे लाट आहे, चारी बाजूंनी पाणी चढलं तसं. मित्राच्या डायरीतल्या रिडंडंटमध्येही हीच लाट आहे, काठावरून सांडणारी, म्हणून जास्तीची. सर्व्हर रिडंडंट असला की चांगलं, माणूस रिडंडंट झाला की नोटीस पीरियड.

सगळ्यात धोकादायक उदाहरण एक्स्प्रेस वेवर पेट्रोलच्या टँकरच्या मागे लिहिलेलं असतं. हायली इन्फ्लेमेबल. 'इन' म्हणजे नाही, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं? हा अंदाज बांधून तिथे कुणी सिगरेट शिलगावली तर रूट्सचा क्लास आणि विद्यार्थी दोन्ही एकदम आटोपतील. हा 'इन' नकाराचा नाही, 'आत'चा आहे, इन्फ्लेम करणं म्हणजे पेटवणं. हा घोळ जीवघेणा होता, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सरळ 'फ्लेमेबल' लिहितात.

अर्थही जागचे हलतात. 'नाइस'चं लॅटिन मूळ 'नेस्कियस', म्हणजे अडाणी, ज्याला काही कळत नाही तो. शेकडो वर्षांत घरंगळत घरंगळत तो गोड झाला. कुणी तुमच्या डीपीवर 'नाइस' लिहिलं तर मूळ अर्थ काढून भांडायला जाऊ नका. आणि सॅलरीची ती फेमस स्टोरी, रोमन शिपायांना पगार मिठाच्या रूपात मिळायचा? सॅलरीच्या पोटात मीठ आहे हे शंभर टक्के खरं. पण शिपायांच्या हातावर मीठ ठेवत होते, असा पुरावा रोमन काळातल्या कुठल्याच लिखाणात नाही. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या लोकांना ती गोष्ट पटकन पटते, एवढंच.

म्हणजे रूट ही किल्ली नाही, खुंटी आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ त्यावरून काढायला गेलात तर फसू शकता. अर्थ आधी वाक्यावरून लावा, डिक्शनरीत तपासा, आणि मग तो डोक्यात टांगून ठेवायला रूट वापरा. शंभराची यादी नको. आज मेलमध्ये जो शब्द अडला, त्याचंच खानदान बघायचं. माझा उदगीरकर आता हेच करतो. 'मिटिगेट' अडला, 'मिटिस' म्हणजे मऊ हे सापडलं, रिस्क मऊ करायची, बस. यादी रद्दीत गेली. ब्लड रिपोर्टही तो आता स्वतः वाचतो. 'हायपो' म्हणजे खाली, 'हायपर' म्हणजे वर, आपल्याच उप आणि उपरिची भावंडं, 'आयटिस' म्हणजे दाह, 'स्पॉन्डिल' म्हणजे मणका. लॅपटॉपवर वाकून वाकून निम्म्या फ्लोअरला जे झालंय त्याचं नाव त्याला फोडता येतं.

पण तो अजूनही कधी कधी म्यूटवर असतो. आणि याचं कारण कुठलाही रूटवाला क्लास सांगणार नाही. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढा, जवळजवळ सगळे लॅटिन-ग्रीक घराण्याबाहेरचे निघतील. गेट, पुट, टेक, कम, गो, अप, आउट, विथ. त्यांची जोडाजोडी करून कॉन्व्हेंटवाली मुलगी बोलते. 'पुट अप विथ', 'गेट अवे विथ', 'कम अराउंड'. ती 'टॉलरेट' म्हणतच नाही. मोठे शब्द पुस्तकातून येतात, हे छोटे शब्द घरातून, टीव्हीवरून, मैत्रिणींशी भांडताना येतात, आणि त्यांना रूट-बिट काही नसतं. 'पुट' म्हणजे ठेवणं, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सोबत, यातून 'सहन करणं' कसं निघालं ते ग्रीक देवांनाही सांगता यायचं नाही. मराठीत 'खाऊन टाक', 'देऊन बस', 'बोलून जा' हे परक्या माणसाला समजावून बघा, म्हणजे कळेल.

त्यामुळे मराठी मीडियमवाल्याचं इंग्रजी उलट्या बाजूने पक्कं होतं. रिपोर्ट वाचायला दिला तर तो कॉन्व्हेंटवालीच्या पुढे जाऊ शकतो, कॉफी मशीनपाशी मात्र अडखळतो. अक्कल तीच, दारं वेगळी. ते दुसरं दार उघडायला पुस्तक नाही, बोलावंच लागतं, चुकत माकत. म्यूट काढून.

मित्राने परवा क्लायंटला पाठवायचा मेल दाखवला. त्यात 'एक्स्पिडाइट' होतं, 'फॅसिलिटेट' होतं, 'अ‍ॅसर्टेन' होतं, आणि शेवटी आपलं राष्ट्रीय वाक्य, 'काइंडली डू द नीडफुल'. मी म्हटलं, अरे, शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा, एवढंच म्हणायचंय ना? ते एका ओळीत लिही. त्याने सगळं खोडलं, ते शेवटचं वाक्य ठेवू का म्हणून विचारलं. म्हटलं, तेही काढ, क्लायंट हसेल. पण एक गोष्ट मानली पाहिजे. अख्ख्या मेलमध्ये ज्यात एकही ग्रीक किंवा लॅटिन शब्द नव्हता, असं तेवढं एकच वाक्य होतं. काइंडली, डू, द, नीडफुल. चारही अस्सल जुने इंग्रज.